बोंडं समेवरच फुटत होती

अमरावती

प्रिय चंद्रभान,

गुडघ्याला तेल लावतोस ना? नसशील तर लाव. रविवारी तुला पायऱ्या चढायच्या आहेत.

पन्नास वर्षं होत आली. अकोल्याच्या फिल्म सोसायटीत तूच मला ती जुनी परदेशी हलती चित्रं दाखवलीस, शास्त्रीय वाद्यसंगीतावर नाचणाऱ्या नुसत्या रेघा. तिकडच्या समीक्षकांनीही आधी नाकंच मुरडली, हेही तूच सांगितलंस. मी पाट्या रंगवणारा माणूस, पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. दोन वर्षं दर सोमवारी दुकान बंद ठेवून तीन हजार चित्रं काढली, तेव्हा कुठं चार मिनिटं हलली. मैनानं तराणा गायला. दर समेला पडद्यावर कापसाचं एक बोंड फुटायचं.

फिल्मवर आवाज चढवायची ऐपत नव्हती, म्हणून टेप वेगळी. फिल्म दाखवायचं मशीनही एका दिवसाचं, उसनं. आधी जुळवून पाहायची सोय नाही. मी मागून मशीन सुरू करून बॅटरी चमकवायची आणि तू पडद्याजवळ बसून टेपचं बटण दाबायचं, असं ठरलं होतं. पण खेळाच्या दिवशी एकही बोंड समेवर फुटलं नाही. लोक फिदीफिदी हसले. आणि आठ दिवसांनी तुझ्या साप्ताहिकात तूच लिहिलंस, ‘नवरा चुकला की बायको, देव जाणे, तालाशी दोघांचंही सोयरसुतक नाही.’

मला वाटलं, माझंच मोजणं चुकलं. मैनाला वाटलं, तिचा गळा. तिनं तंबोरा माळ्यावर टाकला, पोरांना अंगाईसुद्धा म्हटली नाही. तू आलास की भरीत मात्र न चुकता केलं. तूही बोटं चाटून जेवलास.

या दिवाळीत नातीनं, पौर्णिमेनं, कॉम्प्युटरवर चित्र आणि टेप एकाच क्षणी सुरू करून जुळवली. बोंड न् बोंड समेवर! मी किसनरावला फोन लावला. त्या दिवशी तो तुझ्या शेजारीच होता. तो म्हणाला, “तुले आता समजलं का, जानराव? चंद्रभान तं पान लावून राहिला होता. बॅटरी चमकली तवा त्याच्या बोटाले चुना. मंग घाईघाईत बटन दाबलं. मले म्हने, बोलू नोको.”

बोलू नोको! म्हणजे तुला ठाऊक होतं, आणि तरीही तू लिहिलंस.

मैनाला मी अजून काही सांगितलेलं नाही. ते काम तुझं. रविवारी इथं खेळ आहे. पौर्णिमेनं तसलंच जुनं मशीन मिळवलंय, टेप तीच. जुळवलेली प्रत मी मुद्दाम कपाटात ठेवलीय. आधी तू तुझं परीक्षण मोठ्यानं वाचायचं. कात्रण मी काचेत मढवून ठेवलंय. मग टेपपाशी बसायचं. समोर पहिल्या रांगेत मैना असेल. मी बॅटरी चमकवीन, आणि या खेपेला सगळा हॉल तुझ्या बोटाकडे बघत असेल. तू आला नाहीस, तर किसनराव येणार आहे. त्याला आता बोलायला कोणाची मनाई नाही.

पान घरूनच खाऊन ये. हात धुऊन.

इतकं होऊनही तुझाच,
जानराव