लवकरच्या बटाट्यांची पांघरुणं

२ मार्च, दुपार
आजपासून रोज लिहायचं. अंगावर जबाबदारी असलेल्या माणसाने लिहून ठेवावं. ताई दाजींना घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेली, त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन. परसातल्या बटाट्याच्या चार ओळी माझ्या हवाली. ताईने त्या सगळ्यांच्या आधी लावल्यात, कारण पहिला नवा बटाटा आपल्याकडूनच घेईन असं कँटीनवाल्याने कबूल केलंय. कोंब वीतभर वर आलेत. इथे डोंगरात मार्चमध्येही रात्री दव गोठतं आणि पानं करपतात, म्हणून संध्याकाळी गोणपाटं घालायची, सकाळी काढायची. एवढंच काम. जाताना म्हणाली, हे नीट निभावलंस तर मागची खोली तुझी, कायमची. नाहीतर तू आणि तुझी बॅग. बॅग लगेच कपाटावर टाकली.

३ मार्च
काल संध्याकाळी गोणपाटं आणायला शेडमध्ये गेलो तर एक जुना माउथ ऑर्गन सापडला. दोन सूर लागत नव्हते. उघडून साफ केला, आता पाच लागत नाहीत. तोवर अंधार पडला. अंधारात कोंब तुडवण्यापेक्षा उघडे राहिलेले बरे. रात्रभर आभाळात ढग होते, काही झालं नाही. म्हणजे अंदाज बरोबर.

४ मार्च, सकाळी (साडेअकरा)
उठल्या उठल्या आयडिया. संध्याकाळी मी कुठे असेन सांगता येत नाही, सकाळी मात्र हमखास घरी असतो. तर संध्याकाळचं काम सकाळीच उरकलं. सगळं झाकून वर दगड ठेवले. काढा-घालायची भानगडच मिटली. इतकी साधी गोष्ट लोकांना का सुचत नाही?
ताईचा फोन. झाकलंस का? छातीठोक हो म्हटलं. काढतोस का, हे तिने विचारलं नाही. न विचारलेल्याचं उत्तर मी देत नाही.

७ मार्च
लिहायचं राहिलं. गोणपाट पानांना टेकू नये म्हणून काठ्या हव्या होत्या, त्यासाठी सुताराकडे गेलो. त्याचं कपाट तिसऱ्या मजल्यावर न्यायचं होतं, हात लावला. तू या धंद्यात यायला हवंस असं तो म्हणणार होता, तेवढ्यात कपाट निसटलं. काठ्या मागायचं राहून गेलं.
परत आलो तर शेजारचे शिंपीकाका कुंपणाशी उभे. म्हणाले, काय रे, बटाट्यांनाही तुझ्यासारखं दिवसा झोपवतोस? मी म्हटलं, ऊब राहते. म्हणाले, गोधडीला स्वतःची ऊब असते का? अंगाची असते ती धरून ठेवते. जमिनीला ऊनच लागलं नाही तर रात्री ती काय देणार, तुझं डोकं?
काका मुळात संशयी. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली की असंच होत असणार.

१० मार्च
गोणपाट उचलून पाहिलं. कमाल झाली. कोंब हातभर लांब. पिवळट, नाजूक, माना जरा टाकलेल्या, पण उंची बघावी. ताईला फोनवर सांगितलं, दुप्पट वाढलेत. तिने विचारलं, रंग कसा आहे? म्हटलं, उजळ. म्हणाली, उद्या उठल्याबरोबर ऊन दाखव, आणि सूर्य मावळायच्या आत झाक, माझी शपथ आहे तुला. पुढे म्हणाली, यांचा ताप उतरत नाही, अजून थांबावं लागेल. मी काळजी करू नको म्हटलं.

११ मार्च, दुपार
निश्चय. शपथ पाळायची. सगळी गोणपाटं काढली, झटकली, दोरीवर टाकली. कोंब उन्हात लोळतायत. ढगाचं नाव नाही, सुंदर दिवस. शिंपीकाका म्हणाले, आभाळ उघडं आहे, रात्री कडाका पडणार, पाचलाच झाकून घे. मी म्हटलं, घड्याळ आहे माझ्याकडे.
जरा कँटीनवाल्याकडे जाऊन येतो. पीक जोरात आहे हे त्याच्या कानावर घातलेलं बरं. पाचच्या आत परत.

१२ मार्च
कँटीनमध्ये कॅरम होता.

१२ मार्च, नंतर
पानं काळी. उकडून ठेवलेल्या पालकासारखी, हात लावला तर बोटाला चिकटली. चारही ओळी. तरी सगळ्यांवर गोणपाटं घातली, नीट, दगडांसकट. शिंपीकाका कुंपणाशी आले, बघितलं, तसेच परत गेले. काही बोलले असते तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.
ताईचा फोन दोनदा वाजला. हाताला माती होती.

१४ मार्च
दोघं आले. दाजी भिंतीच्या आधाराने आत गेले. ताई पिशवी खांद्यावर तशीच घेऊन परसात. मी म्हटलं, यंदा थंडीच विचित्र. ती ओरडली नाही. उकिडवी बसली, मातीत बोट घालून चाचपलं, म्हणाली, खालून पुन्हा फुटतील. मी म्हटलं, बघ, म्हणजे काही बिघडलंच नाही. म्हणाली, सगळ्यांच्या बरोबर निघाले की ते नुसते बटाटे रे. त्यांच्यासाठी कँटीनवाला कशाला थांबेल?
खोलीचा विषय निघाला नाही. म्हणजे नाही असं कुणी म्हटलेलं नाही.

२३ मार्च, संध्याकाळ
नवे कोंब आले. बोटभर, हिरवेगार. आज मी घरीच. उन्हं कलायच्या आधीपासून बाह्या वर करून तयार. ताई गोणपाटं घेऊन निघाली तसं म्हटलं, दे इकडे, मी घालतो. म्हणाली, राहू दे, तू बस. चिडून नाही. पाहुण्याला सांगतात तसं.
दाजींना अजून वाकता येत नाही. ते काठी टेकत मागे फिरतायत आणि कुठलं गोणपाट सरकलं ते तिला दाखवतायत.
मी बसलोय.