एक पिळा जास्त

११ जून, सोमवार
बायको बहिणीकडे गेली, शुक्रवारी येणार. रविवारी तिचा नेमबाजीचा सामना. एअर रायफलला हात लावू नकोस, असं चारदा बजावून गेली. हात लावला नाही, फक्त तपासली. गाल टेकवायचा, वरखाली करता येणारा ॲल्युमिनियमचा भाग किंचित हलत होता. ॲलन कीने स्क्रू आवळला. छान बसला. खबरदारी म्हणून आणखी एक पिळा दिला. कर्रर्र झालं आणि स्क्रू एकदम मऊ फिरू लागला. इतका मऊ, की उलटा फिरवला तरी तेवढ्याच आनंदाने फिरतो.

१२ जून, मंगळवार
आटे गेलेत. स्क्रूचे नाहीत, भोकाचे. म्हणजे मूळ माल हलका. हार्डवेअरवाल्याने विचारलं, जोर लावलात का? म्हटलं, छे, काळजी घेतली. तो म्हणाला, ॲल्युमिनियमला एवढी काळजी सोसत नाही. आगाऊ माणूस. त्याच्याकडूनच इपॉक्सी घेतलं.
निश्चय: बायको यायच्या आत काम फत्ते. तिला पत्ताही लागता कामा नये.

१३ जून, बुधवार, सकाळी
भोकात इपॉक्सी भरून स्क्रू बसवला. दगडासारखा घट्ट. माझ्या हाताला यश आहे, हे मला कॉलेजपासून माहीत आहे.

संध्याकाळी
बायकोचा फोन. रविवारी गालाचा भाग थोडा खाली घेऊन बघणार म्हणाली. मी म्हटलं, आहे ती उंचीच तुला शोभून दिसते. तिने विचारलं, तू कशाला हात लावलायस?
रेंज गेली, असं सांगून फोन ठेवला.

१४ जून, गुरुवार
हातोडीने भाग सुटला. आता मोठा स्क्रू, म्हणून मोठं भोक. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ड्रिल चालवलं, नजरेच्या अंदाजाने. अंदाज अचूक होता, ओटाच उतरता असावा. स्क्रू तिरका गेला. मान वाकडी करून पाहिलं की सरळ दिसतो.

१५ जून, शुक्रवार
बायको आली. थेट रायफलपाशी. मान वाकडी करून बघ, असं सुचवलं. आटे नक्की कुणाचे गेलेत, असं विचारून ती खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसू थांबलं, पाणी थांबलं नाही. म्हणाली, वर्षभर या एका रविवारसाठी राबतेय रे मी.
मला जेवण गेलं नाही.

१७ जून, रविवार
काल लिहायला सवड नव्हती, दुरुस्तीत होतो. बायकोने क्लबच्या वर्कशॉपमध्ये ड्रिल स्टँडवर भोक सरळ करून घेतलं, टॅपने नवे आटे पाडले आणि आत स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं स्टीलचं इन्सर्ट बसवलं. आता स्क्रू स्टीलमध्ये फिरतो, पहिल्यापेक्षा पक्का. म्हणजे माझ्यामुळे रायफल सुधारलीच. भोकावर टॉर्च मी धरला होता.
आज ती पहिल्यांदाच फायनलला पोहोचली. चौथी आली! मी उड्या मारल्या. आजूबाजूच्यांना सांगितलं, तांत्रिक बाजू माझ्याकडे असते.
घरी येताना स्वारी खुशीत. म्हणाली, आपण एक छोटा स्टँड घेऊ या, पुढच्या कामांना बरा. शेवटी विश्वास बसला तर! विचारलं, ड्रिलसाठी ना?
नाही, म्हणाली, टॉर्चसाठी. तुझा हात हलतो.