उपाशी उतार

ता. २० फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण कळवण्यासारखं काही नव्हतं आणि न कळवण्यासारखं बरंच होतं. घर ठीक आहे. न्हाणीघराचा नळ मी दुरुस्त केला, म्हणजे आता तो पूर्वीपेक्षा वेगळ्या जागेतून गळतो. तुझ्या शिलाई मशीनवर रोज फडकं मारतो. तुला तिकडे नेल्यापासून ताईचं हे पहिलंच पत्र आलं. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय आणि तू चढतेस, अशी तक्रार आहे.

कॉलेजचं तुला ताईकडून कळलंच असेल. विभागप्रमुखांच्या खोलीचं दार आपटून, पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही, असं मी म्हणालो. जिना मुद्दाम सावकाश उतरलो. वाटलं, मागून कोणीतरी हाक मारील. कोणी मारली नाही. बाबा जहाजावरून परत आले की त्यांना मी सांगेन, तू सांगू नकोस. सध्या सकाळी छापखान्यात कागद कापतो. दुपारपासून मी आणि मागचा उतार.

त्या उतारासाठीच हे पत्र. तू आणि आईने मिळून पेरलेला तो. लहानपणी आई मला त्या फुलांत उताणं झोपवायची आणि स्वतः शेजारी आडवी व्हायची, ते अजून आठवतं. वर निळी बटणं, पांढऱ्या झालरी, पिवळे टाके. फुलांना शिवणकामातली नावं फक्त तूच देऊ शकतेस. खरी नावं मला कॉलेजात कळली आणि एकही आवडलं नाही.

हे सगळं मी एका मुलीला सांगितलं. वर्गात होती, चष्मा लावते, पुढचं तूच ओळख. वीस एप्रिलच्या रविवारी ती उतार बघायला येणार आहे. सगळा निळा झालेला असेल, असं मी छातीठोक सांगून बसलोय. काळजी नाही, ऑक्टोबरातच उताराची उत्तम सोय करून ठेवली आहे. कसली ते सांगत नाही. तू थक्क होशील.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
तडतड्या


ता. २७ फेब्रुवारी

चि. तडतड्यास,
अनेक आशीर्वाद.

तू सोय केलीस हे वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे मी कटिंगच्या कागदावर तीन ओळी लिहून टाचल्या होत्या. गवत वर्षातून एकदा कापायचं. कापलेलं उचलून बाहेर टाकायचं. बाकी उताराला काहीही द्यायचं नाही. तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. अरे, रानफुलं उपाशी जमिनीवरच खुलतात. जमीन खाऊनपिऊन सुखी झाली की गवत माजतं आणि फुलांच्या उरावर बसतं. काय सोय केलीस ते उलटटपाली कळव.

चष्मेवालीचं ऐकून बरं वाटलं. निळ्या बटणाचं तुला माहीत आहे ना? मुलाने ते कोटाला लावायचं, आणि संध्याकाळपर्यंत कोमेजलं नाही तर मुलीचं मन त्याच्यावर आहे असं धरायचं. तुझ्या बाबांचं फूल रात्रीच्या जेवणापर्यंत टवटवीत होतं. कसं नसेल? तुझ्या आईने दिवसभरात ते दोनदा बदललं होतं. बाबांना अजून पत्ता नाही. तूही सांगू नकोस.

गुडघा बरा आहे. जिने मी चढत नाही, उतरते. चढायला लागतं ते नाइलाजाने.

जीव तुझ्यापाशी ठेवून पत्र इथे संपवते.

तुझी मावशी


ता. ६ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सांगून टाकतो. घोड्यांच्या तबेल्यातून तीन हातगाड्या खत आणून उतारावर पसरलं. तुझी तिसरी ओळ वाचली होती. वाटलं, ही तुझी नेहमीची काटकसर. उसवलेला दोराही गुंडाळून ठेवणारी तू, उताराला काय देणार?

तुझं पत्र येण्याआधीच गवत गुडघ्याला लागलं होतं. हिरवंगार, चकचकीत, उद्धट. पत्र वाचून ते हातांनी बाजूला करत दिवसभर शोधलं. कुंपणाच्या कोपऱ्यात निळ्या बटणांची अकरा रोपं सापडली, तीही पिवळी पडलेली. बाकी काही नाही.

मग माझं डोकं फिरलं. शनिवार-रविवार फावडं घेऊन मागच्या दारापासून ओढ्यापर्यंत सगळा उतार खणून उलटा केला. तेवढा अकरा रोपांचा कोपरा ठेवला. शेजारचे सुतारकाका कुंपणाशी आले. म्हणाले, काय पुरतोयस? मी खणतच राहिलो. हाताला फोड आलेत, ते आलेच पाहिजेत.

आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं, ते मी दोन दिवसांत संपवलं. दुकानातलं बी आणून पेरू का? काहीतरी सांग. ओरडलीस तरी चालेल.

तुझा,
(सहीला तोंड नाही)


ता. १३ मार्च

चि. तडतड्यास,
आशीर्वाद. आज एकच.

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही.

बी आणू नकोस. काही पेरू नकोस, काही घालू नकोस, फावडं सुतारकाकांकडे नेऊन दे. काहीही न करणं तुला जन्मात जमलेलं नाही. आता जमव.

त्या मातीत तुझ्या आईचं काय काय आहे, ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे. राग तुझ्यावर काढतेय खरी, पण सगळा तुझा नाही.

मावशी


ता. २१ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काल ती आली. येऊ नकोस म्हणून सांगायला मी दोनदा तिच्या घरापर्यंत गेलो आणि दोनदा कोपऱ्यावरून परत आलो. शेवटी मागचं दार उघडून बाजूला उभा राहिलो. समोर नुसती तपकिरी माती आणि कोपऱ्यात अकरा केविलवाणी रोपं. निळा समुद्र दाखवतो म्हणालो होतो.

ती हसली असती तर मी भांडलो असतो. ती हसली नाही. चपला काढून उतारावर गेली, गुडघ्यांवर बसली, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ मातीला नाक लावून राहिली. मग मला खाली बसवलं आणि बोटाने दाखवलं. करड्या-हिरव्या, कातरल्यासारख्या पानांची नखाएवढी रोपं. एक दिसलं आणि मग शेकडो दिसायला लागली. ही तुझी बटणंही नव्हेत आणि झालरीही नव्हेत, असं म्हणाली. कसली ते तिने ओळखलं होतं, पण सांगितलं नाही. हात लावू नकोस, थांब, एवढंच. तूही तेच लिहिलं होतंस. तुमचं काही आधी ठरलंय का?

तिला दूरच्या शहरात संशोधनाचं काम मिळालंय. एक जूनला जाणार. हे तिने माती झटकता झटकता सांगितलं. अभिनंदन म्हणालो. आवाज बरा लागला.

राग उतरला असेल तर दोन ओळी टाक.

तुझा,
तडतड्या


ता. २९ मे

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दोन ओळी आल्या नाहीत, तरी लिहितोय, कारण हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उतार लाल झालाय. पॉपी, मावशी, ती खसखशीची रानटी बहीण. मागच्या दारापासून ओढ्यापर्यंत. सकाळी दार उघडलं तर आधी वाटलं, कोणीतरी कापडाचं ठाण उलगडून वाळत घातलंय. पाकळ्या इतक्या पातळ की उन्हात आरपार दिसतं. सुतारकाका कुंपणाशी आले आणि यावेळी टोपी काढून उभे राहिले.

मी एक बीही पेरलेलं नाही, तुझी शपथ. चष्मेवाली म्हणते, याचं बी मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि माती उलटली, उजेड लागला, की उठतं. म्हणजे कोणीतरी कधीतरी पेरलेलं असणार. पण मला तर इथे लाल फूल एकही आठवत नाही. तुला आठवतं का?

उत्तराची वाट पाहणारा,
तडतड्या


ता. ५ जून

चि. तडतड्यास,
राहिलेले सगळे आशीर्वाद एकदम.

आठवतं.

उतार पहिल्यांदा खणला तेव्हा निळं बी मी आणलं आणि लाल तुझ्या आईने. त्या वर्षी दोन्ही फुललं. मला ते बघवेना. निळ्या कापडाला लाल ठिगळ, असं मी म्हणाले. ती म्हणाली, कपडा नव्हे गं, उतार आहे. पण मी मोठी, आणि शिवणाऱ्याला वाटतं रंगातलं आपल्यालाच कळतं.

पुढच्या वसंतात ती दवाखान्यात होती, तुझ्या वेळी. ती दहा दिवस नव्हती तेवढ्यात मी लालचं एकेक रोप उपटलं आणि मधे गवत पेरलं, म्हणजे माती पुन्हा उकरायलाच नको. काहीही द्यायचं नाही हे त्याच वर्षी ठरवलं. फुलांसाठी ते खरंच होतं. पण फावडं लागू नये ही माझी सोयही त्यात होती. तुला एकट्याला सोयी करता येतात असं नाही.

ती तुला घेऊन घरी आली आणि मागच्या दारात उभी राहिली. किडीचं वगैरे कारण मी तयार ठेवलं होतं. तिने विचारलंच नाही. एवढंच म्हणाली, राहू दे, मातीत आहेत ती. मला तो टोमणा वाटला. एकवीस वर्षं टोमणाच वाटत होता.

लाल फुलाचा विषय आम्ही दोघींनी पुन्हा काढला नाही. शेवटी तिच्या उशाशी बसले होते तेव्हा काढणार होते. मग परिचारिका औषध घेऊन आली.

आता तू उतारावर जा आणि माझ्यातर्फे तिला सांग. काय सांगायचं ते तुला कळेल.

तुझी मावशी


ता. ११ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उतारावरच बसून वाचलं.

आधी बाकीचं सांगतो. ती एक तारखेला गेली. त्या कोपऱ्यातल्या रोपांपैकी एकाला निळं बटण आलं होतं. कोट मला नाही, म्हणून ते तिच्या पिशवीच्या पट्ट्याला लावून दिलं. संध्याकाळी गाडी सुटली तेव्हा ते कोमेजलं होतं की नाही, ते मी पाहिलं नाही. मुद्दाम.

परवा विभागप्रमुखांचं दार वाजवलं. सर म्हणाले, त्या दिवशी तू जिना फार सावकाश उतरत होतास, मी वरून पाहत होतो. मग हाक का नाही मारलीत, असं विचारलं. म्हणाले, तू तरी वर कुठे पाहिलंस? नव्या वर्षाचा अर्ज दिलाय.

तुझा निरोप सांगायला मी उभा राहिलो होतो. तोंडही उघडलं. पण तो मला सांगता येईना. तो माझा नाहीच.

पॉपीचं फूल एक दिवसाचं असतं. सकाळी उघडतं, संध्याकाळी पाकळ्या खाली. पण दुसऱ्या दिवशी नवी येतात आणि मोजलं तर अजून पंधरा-वीस दिवस पुरतील एवढ्या कळ्या आहेत. यंदा खत, औषध, फावडं काही लावणार नाही. पुढच्या वर्षी अर्धा उतार खणू, अर्धा उपाशी ठेवू.

मागच्या दाराच्या दोन पायऱ्यांवर सुतारकाकांकडून फळी टाकून घेतली आहे, तुला चढावं लागणार नाही. दारात तुझी खुर्चीही ठेवली आहे. कोणत्या गाडीने येतेस तेवढं कळव, स्टेशनवर मी येतो. येऊन तूच सांग तिला.

लोभ पत्रातून पाठवू नकोस, सोबत घेऊन ये.

तुझा,
तडतड्या