बुरशीचा डाग

कोळवण, मंगळवार, दिवेलागण

अन्वरभाईंची जुनी झूम लेन्स घ्यावी की नाही, ठरत नव्हतं. पौडला ते लग्नाचे फोटो काढायचे, आता सामान स्वस्तात काढताहेत. “आत बुरशीचा डाग हाय, पन फोटोत येत न्हाई,” म्हणाले. दोन दिवस वापरून बघायला दिली.

पूर्वी आमच्या बेहड्याच्या झाडाखाली उभं राहिलं की धनेश पक्षी दिसायचे. गेल्या वर्षी जमीन विकली, आता कुंपणाबाहेरून बघायचं. म्हणून तर लेन्स. झाड ठेवू, असं घेणारे म्हणाले होते. बाबा म्हणाले, “शब्द दिलाय की त्यांनी, लिवून कशाला घ्यायचं?” मीही गप्प सही केली. का केली?

आज रस्त्यावरून लेन्स लावली. नर ढोलीत चारा देत होता. मादी आत कोंडून बसलीय, पिल्लं मोठी होईपर्यंत निघणार नाही. ढोलीखाली पांढरं काहीतरी दिसलं. वाटलं, तोच बुरशीचा डाग. लेन्स हलवली, तरी डाग खोडावरच राहिला. चुन्याची फुली होती.

वॉचमनला विचारलं. “परसों कटेगा,” म्हणाला.

अन्वरभाई खरं बोलले, बुरशी दिसत नाही. लेन्स चांगली आहे. परवानंतर तिच्यातून बघायचं काय?