आबांचं काकेरु

आबा, जळगावच्या त्या जिनात आता सरकी काढायला कापूस येत नाही. पत्रे उडालेत, आवारात बाभळी माजल्यात. परवा सभेला जाताना तिथे गाडी थांबवली नाही, पण तेव्हापासून मनात तुमच्याशीच बोलतोय, तेच इथे लिहितो.

लढाईआधी तिथे खरेदीला जपानी साहेब असायचा. तुम्ही त्याच्या वजनकाट्यावर कामाला होतात आणि त्याच्याकडून त्याची भाषा उचललीत. लढाई लागली, साहेब गेला, पुढे स्वातंत्र्य आलं, जिन दुसऱ्या शेटकडे गेलं. तुमच्याजवळ ती भाषा तेवढी उरली. मी कॉलेजात जाऊ लागलो तेव्हा जेवताना तुम्ही ती मला शिकवायचात, आणि त्यातही एकच क्रियापद पुन्हा पुन्हा: काकेरु. सदरा खुंटीला अडकवला, काकेरु. भातावर वरण ओतलं, काकेरु. गोदामाला कुलूप घातलं, चष्मा लावला, काट्यावर माल चढवला, कुणाला हाक मारली, कुणाला त्रास दिला, सगळं काकेरु. "जीव पणाला लावला तरी तेच," तुम्ही एकदा म्हणालात. आई चुलीवर पातेलं ठेवत होती.

"हेही?" मी तिकडे बोट दाखवलं.

"हेही."

"मग बाकीचे शब्द त्यांनी कशाला ठेवलेत?"

जिनातले हमाल तर तोंडावर हसत. "आबा, एक शब्द नि बठ्ठा कामं? हाई भाषा तुमना घरनी शे!" म्हणजे तुम्हीच घरी रचलेली. तुम्ही चिडत नव्हतात. "साहेब परत येतील, तेव्हा ऐका," एवढंच. मला त्या हसण्याचा संताप यायचा, आणि तुमच्या वाट पाहण्याचाही. परक्या खरेदीदाराच्या तोंडाकडे बघणं सोडा, असं मी चौकाचौकात ओरडत होतो.

मग एका मोसमात खरोखरच एक जपानी तरुण माल बघायला आला. तुम्ही धुतलेला कोट चढवलात, कचेरीतली खुर्ची आवारात आणून ठेवलीत. हमाल गोळा झाले, मीही तुमच्या शेजारी होतो. तुम्ही वाकून म्हणालात, "ओकाके कुदासाई." म्हणजे 'बसा', तेही त्याच काकेरुतून आलेलं. तो हसला, तोही वाकला, पण बसला नाही. माझ्याकडे वळून इंग्रजीत काही बोलला, रुई चिमटीत ओढून पाहिली आणि मोटारीतून निघून गेला.

"काय म्हणाला?" तुम्ही विचारलंत.

"आभारी आहे, घाईत आहे, म्हणाला."

"म्हणजे समजलं त्याला."

मागून कुणीतरी म्हणालं, "समजनं, तर बसना का नही?" सगळं आवार हसलं. तुम्ही खुर्ची उचलून आत नेलीत.

त्यानंतर घरात ते क्रियापद निघालं नाही. रुईच्या धुळीनं तुमचे श्वास खाल्ले. शेवटी बोलायलाही दम पुरेना. तुम्ही गेलात तेव्हा शेटनं हार पाठवला. त्या धुळीवर मी जन्मभर बोललो, आबा, जिनाजिनाच्या दारात उभा राहून बोललो. आजही माणसं तीच धूळ खातात. माझी भाषणं ऐकून टाळ्या वाजवतात आणि पाळीवर परत जातात.

पुढे मिळेल ते वाचलं. भल्याभल्यांची पुस्तकं पुराव्यानिशी खोडून काढली. एकदा मुंबईच्या ग्रंथालयात जपानी भाषेचा जाडजूड कोश हाती आला. तुमचं खरं की हमालांचं, ते एका पानावर कळलं असतं. मी बराच वेळ तो धरून उभा राहिलो आणि न उघडता फळीवर ठेवून दिला.

हे पत्र टाकायला पेटी नाही. पण कुणी विचारलं, तर मी छातीठोक सांगतो, माझ्या वडिलांना जपानी येत होतं.