यादीतलं पहिलं नाव

ब्राँक्स, १४ मार्च

आई, आधी आशीर्वाद दे, मग बाकीचं.

आम्ही बरे आहोत. मी वेळेवर जेवते, तू पाठवलेलं चीज संपलं. तुझा गुडघा कसा आहे?

यारिसाला हायस्कूल मिळालं. घराच्या कोपऱ्यावरचंच, चालत चार मिनिटं. गाण्याची मोठी शाळा मिळाली नाही. तीही सरकारीच, पण तिथे आधी गाऊन दाखवावं लागतं. पोरगी तीन महिने दोनच गाणी घोटत होती.

काल मी चिडून शाळेतल्या मार्गदर्शक बाईंना गाठलं. म्हटलं, "माझ्या मुलीत काय कमी होतं?"

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "तिला जागा मिळाली असती. पण पसंतीच्या बारा शाळांच्या यादीत तुम्ही जवळची पहिली लिहिलीत, गाण्याची तिच्या खाली. वरची मिळाली की कॉम्प्युटर खाली बघत नाही."

यादी मी भरली होती, आई. वाटलं, खात्रीची शाळा वर ठेवावी. गळा आवडला तर गाण्यावाले स्वतःच बोलावतील. आपल्या गावी मोकात नाही का, चर्चचे गाण्याचे मास्तर मला गायला न्यायला आपल्या दारात आले होते? इथे कुणी दारात येत नाही. मग हवी ती शाळा वर लिहा, असं फॉर्मवर ठळक लिहायला यांचे हात दुखतात?

यारिसा भांडी घासताना गायची. आता गात नाही. परवा म्हणाली, "मम्मी, माझा आवाजच कमी पडला." काल सगळं कळल्यावरही मी तिला एवढंच म्हटलं, "जेवून घे."

रविवारी फोनवर तिला गायला सांगू नकोस. तुझ्यासाठी ती गाईल, आणि मला ते ऐकवणार नाही.

गुडघ्याला तेल लाव.

तुझी मिरेया