एका बंदुकीचे दोन वडीलधारे

ब्राह्मणपारा, रायपूर
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप श्यामकांतमामांना विहंगचा वाकून नमस्कार.

नागपुरात तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का, आणि मंदाकिनीमामींनी चहातली साखर खरोखर सोडली का, ते आधी कळवावे. इकडे सर्व ठीक आहे. अक्षर हललेले दिसले तर काळजी करू नये, उजवा खांदा थोडा दुखतो, इतकेच. आईने फोनवर रडत काही सांगितले असेल तर त्यातले निम्मेच खरे धरावे.

आमच्या घरची मोठी बंदूक तुम्ही पाहिली आहे. (नळीच्या तोंडात आवळा सहज जातो, तीच.) दसऱ्याला अभनपूरकडच्या शेतावर तिची पूजा होते आणि मातीच्या उंच ढिगाऱ्यापुढे ठेवलेल्या कोहळ्यावर एक गोळी झाडतात. गोळी घरातल्या तरुणाने झाडायची, पण नळीत बारूद घालण्याचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. गेल्या वर्षापर्यंत तो थोरल्या आजोबांचा होता. ते उन्हाळ्यात गेले, आणि आता वडीलधारा कोण यावरून बाबा आणि त्यांचे चुलतभाऊ नाना यांच्यात अबोला आहे. (नाना वयाने मोठे, बाबांची शाखा थोरली. देवालाही ठरवता येणार नाही.) एकाच पंगतीत जेवतात, पण मीठ हवे असले तर मला सांगतात.

त्यात यंदा, जिचे स्थळ मला सांगून आले आहे त्या गंधालीचे वडील, रामकृष्णकाका, भिलाईहून मुद्दाम आले होते. मुलगा फार घाबरतो असे त्यांच्या कानावर गेले होते आणि ते त्यांना स्वतः पाहायचे होते. गंधालीही आली होती. मामा, मला ही मुलगी फार आवडते. हे मी कोणाला बोललो नाही, तुम्हीही बोलू नये.

म्हणून मी तयारी केली. (परवान्यात माझे नाव आहे आणि ठाण्यात मी स्वतः कळवून आलो होतो.) माझे शिक्षण बारावीपुढे गेले नाही, पण या विषयात मी बरेच वाचले आहे. एवढ्या मोठ्या नळीच्या बंदुकीचा धक्का थोपवायचा नसतो, त्याच्याबरोबर मागे जायचे असते. दस्ता खांद्याशी घट्ट हवा, सैल धरला तर तोच आपल्याला मारतो. अंग पुढे झुकवायचे आणि मागे दोन पावले टाकायला जागा मोकळी ठेवायची. मी मागचे दगड वेचले. खांद्यावर घालायला आईकडून गोधडीची जाड घडी शिवून घेतली. आणि मुख्य म्हणजे, मानाचे भांडण नको म्हणून सकाळीच, कोणी नसताना, नळीत बारूद मीच घातली. आजोबांच्या मापाच्या निम्मी. ठासायचा गज तेवढ्यावर कुठवर आत जायला हवा, ती खूणही गजावर केली. दोघेही माझ्याकडे पाहतील तेव्हा हळूच सांगायचे, झाले म्हणून, असा माझा बेत होता.

कोणी माझ्याकडे पाहिलेच नाही. मी कोहळा मांडायला गेलो तेव्हा नानांनी आजोबांचे माप भरून नळीत ओतले, कारण बाबा यायच्या आत मान उरकायचा होता. मी ठाणेदारांना पानसुपारी द्यायला गेलो तेव्हा बाबांनी आणखी एक माप ओतले. नानांना एका शब्दाने विचारले असते तर भागले असते. पण विचारणे म्हणजे आधी बोलणे, आणि आधी बोलणे म्हणजे हरणे.

गोळी मी बसवली. गजाने ठोकली तेव्हा गज माझ्या खुणेच्या बराच वर राहिला, म्हणजे आत बारूद जास्त होती. मी तसे म्हणालो. नानांनी आभाळाकडे पाहिले. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काहून घाबरून राहिला बे? पाहुणे पाहून राहिले ना."

मी नेम धरला. पुढे झुकलो. मागची जागा मोकळी आहे हे मी दोनदा पाहिले होते. पण रामकृष्णकाका शहाणे गृहस्थ, बंदुकीच्या मागे उभा राहणारा सर्वांत सुरक्षित, असा विचार करून ते अगदी शेवटी तिथे येऊन उभे राहिले.

आवाजाचे वर्णन मी करू शकत नाही, कारण नंतर बराच वेळ मला काही ऐकू आले नाही. धक्क्याबरोबर मी मागे गेलो, ठरल्याप्रमाणे, फक्त दोन पावलांवर थांबलो नाही. वाटेत रामकृष्णकाका लागले, त्यांनाही घेऊन गेलो, आणि आम्ही दोघे धानाच्या चिखलात बसलो. नळी जाड म्हणून टिकली, हे नशीब. धूर विरला तेव्हा कोहळा होता तसा होता. ढिगाऱ्याचा माथा मात्र नव्हता.

मग मला पहिला आवाज ऐकू आला तो गंधालीचा. ती बाबांना विचारत होती, "काका, तुमच्याकडे दोघं दोघं बारूद टाकतात का? मले वाटलं तसंच असते."

बाबा नानांकडे वळले. "तुम्ही टाकली होती?"

"मंग? मान कोणाचा आहे?" नाना म्हणाले.

सहा महिन्यांनी ते बोलले ते हे. रायपूरला परत येईपर्यंत ते बोलतच होते. रामकृष्णकाकांना टॉवेल कोणी दिला नाही, तो मी दिला. ते चिखल पुसत एवढेच म्हणाले, "पोट्टा ठीक आहे. घर पाहावं लागते." याचा अर्थ नकार, असेच मी धरून चाललो आहे आणि मन शांत ठेवले आहे.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
विहंग

ता. क. – अर्थ नकार असा नव्हता. रामकृष्णकाकांचा आज निरोप आला. लग्नाचे बोलायला तयार आहेत, पण घरातल्या एकाच वडीलधाऱ्याशी, आणि या दोघांपैकी कोणाशीही नाही. मामा, तुम्ही या. पत्र आता यासाठीच धाडतो आहे.

ता. क. दुसरा – पाकीट बंद करताना गंधालीचा फोन आला. गज वर राहिला होता हे तुला माहीत होते ना, असे तिने विचारले. मी होते म्हणालो. मग काहून चालवली? मी म्हणालो, तुझे बाबा पाहत होते. ती म्हणाली, "मंग त्यांच्यासंगच लगन कर." मग म्हणाली, पुढच्या वेळी गज वर दिसला तर कोणीही पाहत असो, बंदूक खाली ठेवशील? मी म्हणालो, हव. तिने विचारले, खरंच म्हणून राहिला का मले घाबरून? मी म्हणालो, दोन्ही. ती हसली आणि म्हणाली, मामांना लवकर बोलाव.